आधी आठवडे मोजा: किशोरवयीन मुलीच्या प्रजनन आरोग्याचा हक्क प्रत्यक्षात कसा मिळवावा

अठरा वर्षांखालील मुलीची पाळी चुकल्याचे लक्षात आले की घरात पहिला प्रश्न ‘कोण तो?’ असा विचारला जातो, आणि त्या चौकशीत, रडारडीत व बदनामीच्या धास्तीत दोन-तीन आठवडे निघून जातात. कायद्याच्या आणि वैद्यकाच्या दृष्टीने मात्र पहिला प्रश्न ‘किती आठवडे?’ हा आहे. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा आठवड्यांच्या हिशेबाने चालतो. ९ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी होऊ शकणाऱ्या गोष्टीसाठी पुढे रुग्णालयात दाखल व्हावे लागते, २० आठवडे उलटल्यावर दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि २४ आठवडे उलटले की बहुतेक वेळा उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुलीचा हक्क कागदावर शाबूत असूनही केवळ उशिरामुळे तो हातचा जातो, आणि हा उशीर टाळणे हाच या मार्गदर्शनाचा मुख्य हेतू आहे.

हे लेखन मुलींसाठी तर आहेच. पण त्याहून अधिक ते तिच्यासोबत रुग्णालयात जाणाऱ्या माणसासाठी आहे. ती आई असेल, मावशी असेल, गावातील आशाताई असेल, वर्गशिक्षिका असेल किंवा आश्रमशाळेची अधीक्षिका असेल. येथे सांगितलेले कायदे केंद्राचे असल्याने ते गोव्यातही तसेच लागू आहेत. योजना आणि अधिकारी मात्र महाराष्ट्रातील आहेत.

एकाच मुलीला लागू होणारे तीन कायदे

गोंधळ होतो तो येथे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, ज्यात २०२१ साली मोठी सुधारणा झाली, तो मुलीकडे उपचाराची गरज असलेली व्यक्ती म्हणून पाहतो. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि तिने स्वखुशीने ठेवलेल्या संबंधांनाही गुन्हा ठरवतो, कारण त्या वयातील संमती कायदा ग्राह्य धरत नाही. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा तिच्या लग्नाकडे पाहतो. लग्न झाले म्हणून पॉक्सो लागू होत नाही, ही समजूत आजही गावोगावी आहे, परंतु ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेले शरीरसंबंधही बलात्कारच होत, असा निर्णय दिला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तीच वयोमर्यादा आहे.

हा प्रश्न थोड्या घरांपुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, तर १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. परभणी आणि बीड या जिल्ह्यांत बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट निघाले. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीतून तिचे लग्न उरकून टाकले जाते, हे मराठवाड्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा मुलीला दिवस गेले की तिन्ही कायदे एकाच वेळी तिच्या दारात येतात, आणि पोलिसांच्या भीतीने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. ही भीती अगदीच निराधार नाही, हे मान्य करूनच पुढची पावले सांगितली पाहिजेत.

काही घडण्याआधी

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला आणि तो १० ते १९ वयोगटातील सर्व मुलामुलींसाठी आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी स्वतंत्र सल्ला केंद्रे चालतात. महाराष्ट्रात त्यांना मैत्री क्लिनिक म्हणतात. तेथील समुपदेशकाशी पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरे जाणे, रक्तक्षय, मनाची घालमेल आणि गर्भनिरोधन यांविषयी मोकळेपणाने बोलता येते, आणि हे बोलणे गुप्त ठेवणे ही त्यांची जबाबदारी आहे. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात हे केंद्र कोणत्या वारी आणि कोणत्या खोलीत चालते, एवढे शाळेने विचारून फलकावर लिहून ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुली अनेकदा खिडकीतून फेकून देतात, कारण ती उपाशीपोटी घेतल्यावर मळमळते. ती जेवणानंतर घ्यावी, चहासोबत घेऊ नये, आणि शौचाचा रंग काळपट झाला तर घाबरू नये, इतके समजावून सांगितले तर गोळ्या पोटात जातात. वर उल्लेखिलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असल्याचे दिसले होते, आणि रक्त कमी असलेल्या मुलीला गर्भपातात किंवा बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तो तिच्या जिवावर बेततो. जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा मिळते, तीही चुकवू नये.

असुरक्षित संबंध आला असेल किंवा जबरदस्ती झाली असेल तर ७२ तासांच्या आत घ्यावयाची आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती जितक्या लवकर घ्यावी तितकी परिणामकारक ठरते. ती गर्भपाताची गोळी नाही आणि राहिलेला गर्भ तिने पडत नाही.

पाळी चुकल्यानंतरचे पहिले दोन दिवस

लघवीची तपासणी सर्वांत आधी करावी. आशाताईकडे ‘निश्चय’ नावाची तपासणी पट्टी असते, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही तपासणी होते. गर्भ राहिला आहे असे दिसले तर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता, हे मुलीकडून शांतपणे विचारून कागदावर लिहावे. आठवडे त्या तारखेपासून मोजतात, संबंध आल्याच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे कुटुंबाच्या मनातील हिशेब आणि डॉक्टरांचा हिशेब यांत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो, आणि २० किंवा २४ आठवड्यांच्या सीमेवर हा फरक फार महाग पडतो. कोवळ्या वयात पाळी अनियमित असते, म्हणून तारीख आठवत नसेल तर सोनोग्राफी लगेच करून घ्यावी. सोनोग्राफीच्या वेळी जो अर्ज भरून घेतात तो गर्भलिंग तपासणीला आळा घालणाऱ्या वेगळ्या कायद्याखालचा आहे आणि प्रत्येक गरोदर स्त्रीकडून भरून घेतला जातो. तो पाहून माघारी फिरू नये.

या दोन दिवसांत दोन गोष्टी टाळाव्यात. औषधाच्या दुकानातून ओळखीने गर्भपाताच्या गोळ्या आणून घरीच देऊ नयेत. या गोळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या आहेत. आठवड्यांचा अंदाज चुकला किंवा गर्भ पिशवीबाहेर नळीत वाढत असला तर मुलीचा जीव धोक्यात येतो. आणि ‘पिशवी साफ करून देतो’ म्हणणाऱ्या अप्रशिक्षित माणसाकडे तिला कदापि नेऊ नये. तसे काही आधीच घडले असेल आणि रक्तस्राव थांबत नसेल, ताप येत असेल किंवा स्रावाला दुर्गंधी येत असेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून तिला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि काय घेतले, कधी घेतले, हे डॉक्टरांना खरे सांगावे. अपुऱ्या गर्भपातावरचे उपचार नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

गर्भपात: कोठे, किती आठवड्यांपर्यंत, कोणाच्या संमतीने

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सेवा मिळत नाही. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा क्रमाने विचारावे. आठवडे अधिक असतील तर खालच्या पायऱ्यांवर वेळ न घालवता थेट जिल्हा रुग्णालय गाठावे. खासगी रुग्णालय असेल तर त्याला शासनाची मान्यता लागते आणि ते मान्यतापत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक असते.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत आणि पात्र डॉक्टरांचे मत पुरेसे आहे. २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही वाढीव मुदत ठराविक गटांतील स्त्रियांनाच मिळते. मात्र अठरा वर्षांखालील मुली आणि लैंगिक अत्याचारग्रस्त हे दोन्ही गट त्या यादीत स्पष्टपणे आहेत. मुलीचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही.

रुग्णालयात पुढील गोष्टी मागितल्या जातात, परंतु २४ आठवड्यांपर्यंत त्यांपैकी एकही कायद्यात नाही: पोलिसांचे ना-हरकत पत्र, न्यायालयाचा आदेश, नवऱ्याची सही आणि ‘आधी एफआयआर आणा’ ही अट. हे चार नकार ओळखून ठेवावेत, कारण सर्वाधिक आठवडे यांच्यातच जातात.

लागते ती पालनकर्त्याची लेखी संमती, आणि येथे कायद्याची व्याख्या नीट वाचली पाहिजे. या कायद्यात पालक म्हणजे जी व्यक्ती त्या अल्पवयीन मुलीचा सांभाळ करते ती. वडीलच हवेत, आईवडील दोघेही हवेत, असे कायदा म्हणत नाही. आई-वडील कोयता घेऊन कर्नाटकात गेले असतील आणि मुलगी आजीजवळ राहत असेल, तर आजीची संमती कायद्याच्या व्याख्येत बसते. अत्याचार करणारा घरातलाच असेल तेव्हा तर हे कलम मुलीचा मोठा आधार ठरते. मुलगी अठरा वर्षांची पूर्ण झाली असेल तर मात्र फक्त तिचीच संमती लागते. आई, वडील, नवरा यांपैकी कोणाचीही नाही.

संमतीपत्रावर सही पालकाची असली तरी निर्णय मुलीला विचारून झाला पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका १४ वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधी गर्भपाताला परवानगी दिली आणि नंतर, मुलीच्या प्रकृतीला असलेला धोका पाहून पालकांनी मन बदलल्यावर, ती मागे घेतली. त्याच निर्णयात अल्पवयीन गरोदर मुलीचे मत पालकांहून वेगळे असेल तर न्यायालयाने तिच्या मताला महत्त्व दिले पाहिजे, असेही सांगितले. न्यायालयाला हे जेवढे लागू आहे तेवढेच घरालाही लागू व्हावे. म्हणून डॉक्टरांना विनंती करून मुलीला काही वेळ एकटीने बोलू द्यावे. आईसमोर मान खाली घालून बसलेली मुलगी ‘हो’ म्हणते तेव्हा ते कशाला म्हटलेले ‘हो’ आहे, हे कोणालाच कळत नाही.

गर्भपात कायद्याने गोपनीयतेचे बंधनही घातले आहे. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतर कोणालाही तिचे नाव व तपशील सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पॉक्सोची खबर आणि मुलीचे नाव

पॉक्सोच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थाप्रमुखाला ही कैद एक वर्षापर्यंत आहे. म्हणून डॉक्टर खबर देणार, हे गृहीत धरून चालावे. मुलगी स्वतः बालक असल्याने तिला या कलमाखाली शिक्षा होत नाही.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पेचातून एक वाट काढली. किशोरवयीनांनी परस्परसंमतीने ठेवलेल्या संबंधांतून गर्भ राहिलेला असेल, तर मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केल्यावर डॉक्टरांनी पोलिसांना द्यायच्या खबरीत तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील देण्याची गरज नाही, असे त्या निर्णयात म्हटले आहे. पुढे फौजदारी खटला उभा राहिला तरी डॉक्टरांना हे तपशील उघड करण्यापासून सूट आहे. ही सवलत आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते, आणि तोंडी मागितली तर केसपेपर तयार करणाऱ्या खिडकीवरच विसरली जाते. म्हणून पहिल्या भेटीतच पुढील मजकुराचा अर्ज द्यावा:

‘प्रति, वैद्यकीय अधीक्षक. मी व माझ्या पालनकर्त्या अशी विनंती करतो की, सर्वोच्च न्यायालयाच्या दि. २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयानुसार, पॉक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये द्यावयाच्या माहितीत माझे नाव, पत्ता व ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये, आणि माझ्यावरील उपचार पोलीस कार्यवाहीसाठी थांबवू नयेत. या अर्जाची पोहोच द्यावी.’

खाली दोघींच्या सह्या किंवा अंगठे, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का. शिक्का द्यायला कोणी तयार नसेल तर त्याच मजकुराचे पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवावे, परंतु उत्तराची वाट पाहत घरी बसू नये.

एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही सूट डॉक्टरांना दिलेली आहे. शिक्षिका, अधीक्षिका किंवा आशा यांच्यावरील कळवण्याचे बंधन या निर्णयाने उठवलेले नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की सोळा-सतरा वर्षांच्या दोघांच्या प्रेमसंबंधाला आणि बापाने किंवा शेजाऱ्याने केलेल्या अत्याचाराला एकाच कलमाने मोजणारा कायदा मुलींना दवाखान्यापासून दूर ढकलतो, आणि त्यात बदल व्हायला हवा. तो होईपर्यंत मात्र कायदा जसा आहे तसा जाणूनच पावले टाकावी लागतील. ज्यांच्यावर कळवण्याचे बंधन आहे त्यांनी मुलीला आधी विश्वासात घेऊन काय कळवावे लागेल आणि त्याचे परिणाम काय होतील, हे सांगावे; तिच्या पाठीमागे परस्पर फोन करू नये.

अत्याचार झाला असेल तर

आधी उपचार आणि मग बाकीचे सारे, हा क्रम कायद्यानेच घालून दिला आहे. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार तातडीचे उपचार देण्यासाठी एफआयआर किंवा दंडाधिकाऱ्यांचा आदेश मागता येत नाही. सरकारी आणि खासगी अशा सर्वच रुग्णालयांनी अशा मुलीवर विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, आणि नकार देणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लैंगिक आजारांवरची औषधे, एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे आणि आपत्कालीन गर्भनिरोधक हे या उपचारांचे भाग आहेत. एचआयव्हीवरची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

शक्य असेल तर तपासणीपूर्वी आंघोळ करू नये आणि अंगावरचे कपडे धुऊ नयेत; ते कागदाच्या पिशवीत ठेवून सोबत न्यावेत, प्लास्टिकच्या नको. आंघोळ झाली असली तरीही जावे, कारण उपचाराचा हक्क पुराव्यावर अवलंबून नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, तिच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत करायची असते. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटे घालून मुलीला संबंधांची सवय आहे का हे ठरवण्याची जुनी पद्धत, कोणी करू लागले तर स्पष्ट नकार द्यावा. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्याचे आदेश दिले आहेत.

जबाब मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी नोंदवायचा असतो, पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाची महिला असावी, आणि मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवून घेतला पाहिजे. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला, म्हणजे बालकांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात नेमलेल्या समितीला, कळवायचे असते, आणि तपास व खटल्याच्या काळात मुलीसोबत राहील अशी सहाय्यक व्यक्ती समिती नेमू शकते. ती मागून घ्यावी, कारण न मागता ती क्वचितच मिळते.

गर्भपात होणार असेल तर गर्भाचा नमुना डीएनए तपासणीसाठी जतन करण्याची लेखी सूचना तपास अधिकाऱ्याने रुग्णालयाला आधीच द्यावी, असा पाठपुरावा करावा. हे राहून गेले तर खटल्यातील सर्वांत मजबूत पुरावा नष्ट होतो. आर्थिक साहाय्यासाठी राज्याची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना आहे. तिचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून चालते.

२४ आठवडे उलटले असतील तर

गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात होऊ शकतो. इतर प्रकरणांत, अत्याचारग्रस्त अल्पवयीन मुलीच्या बाबतीतही, उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे त्यासाठी जाता येते. वकिलाचा खर्च हा अडथळा होऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्री आणि बालकाला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर त्यासाठी फोन करता येतो. वकिलाला देण्यासाठी सोनोग्राफीचा अहवाल, वयाचा दाखला, एफआयआर झाला असल्यास त्याची प्रत आणि मुलीची इच्छा काय आहे याचे तिच्याच शब्दांतील टिपण तयार ठेवावे. न्यायालय वैद्यकीय मंडळाकडून अहवाल मागवते. या अहवालात केवळ आठवडे न सांगता मुलीच्या शरीरावर आणि मनावर गरोदरपणाचा काय परिणाम होईल हेही सांगितले पाहिजे, असे वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या निर्णयात म्हटले आहे. मंडळाने ते टाळले तर वकिलाकरवी निदर्शनास आणावे.

गरोदरपण पुढे चालू ठेवायचे असेल तर

मुलीने हा निर्णय घेतला असेल, किंवा गर्भपात सुरक्षित राहिलेला नसेल, तर तिला लपवून ठेवणे हा सर्वांत मोठा धोका आहे. कोवळ्या वयातील बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके येणे, अडलेले बाळंतपण आणि रक्तस्राव यांची शक्यता अधिक असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सर्व मोफत आहे आणि त्याला मातेच्या वयाची अट नाही. वय वाढवून सांगण्याचा मोह घरच्यांना होतो, परंतु खरे वय कळल्याशिवाय डॉक्टरांना धोक्याचा अंदाज येत नाही, आणि खोटे वय पुढे शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही.

बाळ सांभाळणे शक्य नसेल तर ते बाल कल्याण समितीपुढे कायदेशीररीत्या सुपूर्द करता येते, आणि निर्णय बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. परस्पर कुणाला बाळ देणे किंवा त्यासाठी पैसे घेणे हा गुन्हा आहे.

लग्न लावले जात असेल किंवा लागले असेल तर

महाराष्ट्रात ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक असते; शहरात हे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे आहे. लग्नाची कुणकुण लागताच त्यांना किंवा १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे. आयत्या वेळी मांडवात पोलीस येण्यापेक्षा दंडाधिकाऱ्यांकडून आधीच मनाई हुकूम मिळवणे मुलीसाठी कमी त्रासाचे असते, आणि तो मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते.

लग्न होऊन गेले असेल तर ते आपोआप रद्द होत नाही. मुलीला स्वतःला ते रद्द करून घेण्याचा अधिकार आहे आणि वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी तिने तसा अर्ज करावा लागतो; अठराच्या आत असेल तर पालक किंवा हितचिंतक आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी यांच्यामार्फत. तिला पोटगी व राहण्याची सोय मागता येते, आणि त्या लग्नातून झालेले मूल कायद्याने औरसच राहते. अठरा ते वीस ही दोन वर्षे अनेकींच्या हातून नकळत निघून जातात, म्हणून सासरी गेलेल्या मुलीला ही मुदत माहेरच्या कुणीतरी वेळेत सांगायलाच हवी.

नकार मिळाला तर

नकार देणाऱ्याचे नाव, हुद्दा, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी आणि नकाराचे कारण केसपेपरवर लिहून मागावे. पुष्कळदा एवढे मागितल्यावरच सेवा मिळते, कारण बेकायदा कारण स्वतःच्या अक्षरात लिहायला कोणी धजत नाही. त्यानंतर वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा शल्यचिकित्सक; प्राथमिक आरोग्य केंद्राची तक्रार असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी. आरोग्य सेवेची माहिती १०४ वर आणि स्त्रियांसाठीची तातडीची मदत १८१ वर मिळते. जिल्ह्यातील सखी केंद्रात एकाच ठिकाणी वैद्यकीय, कायदेशीर आणि निवाऱ्याची मदत मिळू शकते. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णालयात जावे आणि तक्रार मागाहून चालवावी.

शाळेचेही असेच आहे. गरोदर किंवा विवाहित आहे म्हणून मुलीचे नाव पटावरून कमी करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. ‘तुम्हीच दाखला काढून घ्या’ असे तोंडी सांगितले जाते तेव्हा दाखल्यासाठीचा अर्ज पालकांच्या सहीने जातो आणि शाळा नामानिराळी राहते, म्हणून असा अर्ज करू नये. रजेचा अर्ज करावा आणि शाळा ऐकत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी दाद मागावी. नियमित वर्गात जाणे तिला खरोखरच शक्य नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची किंवा बारावीची परीक्षा खासगीरीत्या देता येते. त्याची मुदत परीक्षेच्या पुष्कळ आधी संपते, त्यामुळे बाळंतपणाच्या गडबडीतही ती तारीख कुणीतरी लक्षात ठेवावी आणि मुलीच्या शाळेचा दाखला, गुणपत्रिका व आधार कार्ड यांच्या प्रती दवाखान्याच्या कागदांपासून वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात.